एवढंच जेवता?

कोथरूडमध्ये माझं पोळीभाजी केंद्र आहे, त्यामुळे माझं वजन हा कायम सार्वजनिक विषय राहिलेला. "ताई, तुमच्याकडे बघूनच कळतं जेवण चांगलं असणार," असं एक काका भर काउंटरवर म्हणाले होते, आणि त्यांच्या मते ते कौतुक होतं. तेव्हा मी ११८ किलोंची होते. उंची पाच फूट एक इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४९. २०२२ साली गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवण्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि पुढच्या वर्षभरात चाळीसेक किलो उतरले. मग त्याच काउंटरवर पोळ्या लाटणाऱ्या मावशींना बाजूला घेऊन चौकशी सुरू झाली, "ताईंचं काय? शुगर, की आणखी काही?" जाड बाई हावरट आणि बारीक होत चाललेली बाई आजारी. धडधाकट बाई नेमकी किती किलोंची असते, हे कुणी सांगत नाही.

शुगर होतीच, पण आधीपासून. शिवाय बीपी, छातीत जळजळ, कुरकुरणारे गुडघे आणि रात्री श्वास अडकायचा ते वेगळंच. झोपेची तपासणी करून मास्क लावायचं मशीन घरी आलं, तेव्हा पहिल्यांदा नवऱ्याला शांत झोप लागली. नवरा काटकुळा आहे. शुगर त्यालाही आहे, पण त्याला आजवर एकाही नातेवाइकाने "जरा तोंडावर ताबा ठेव" असं म्हटलेलं नाही. आमच्या डॉक्टरांनी यावर एक प्रसिद्ध फोटो दाखवला. आपल्या पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला आहे. मी तो मोबाइलवर ठेवलाय, सासरच्या मंडळींना दाखवायला.

डाएट सगळे झाले होते. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारेही केले आणि दर दोन तासांनी खा म्हणणारेही. बारा-पंधरा किलो उतरायचे आणि व्याजासकट परत यायचे. मी आळशी आहे असं मला कधी वाटलं नाही. पहाटे साडेचारला कणीक भिजवणारी बाई आळशी कशी असेल? पण भूक थांबायची नाही. जेवून उठल्यावरही डोक्यात खाण्याचंच चालू. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं, त्यात हार्मोन्सचा हात असतो, हे डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं तेव्हा मी चक्क रडले. इतकी वर्षं ते माझ्या स्वभावाच्या खात्यावर जमा होत होतं.

विम्याचं थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणी विचारतात. 'हे सौंदर्यासाठी आहे का?' असं पत्र आमच्या कंपनीकडून आलं होतं. पण विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९च्या सूचनांत अटी स्पष्ट होत्या. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८च्या पुढे हवं, आणि बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत ठरावीक गंभीर आजार. सर्जनच्या पत्रात हे मुद्दे एकेक करून लिहून घेतले, मग मंजुरी आली. तुमच्या पॉलिसीतला प्रतीक्षा काळ तेवढा आधी बघा.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे प्रोटीन पावडर, ताक, सूप आणि सॅलड. कारण असं की यकृत चरबीने वाढलेलं असेल तर ते पोटावर पसरलेलं असतं, दुर्बिणीतून काम करताना ते उचलून धरावं लागतं, आणि या खाण्याने ते आटतं. त्याच दिवसांत गुढीपाडवा होता. मी बोट न चाटता ऑर्डरचं श्रीखंड फेटलं. ऑपरेशनची हिंमत म्हणाल तर ती तिथेच खर्च झाली.

ऑपरेशन मात्र लोकांना वाटतं तसं नसतं. "पोट कापून टाकलं ना?" असं विचारतात. ते स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये, त्यात पोटाचा मोठा भाग काढतात. माझी जळजळ आणि शुगर बघून बायपास ठरला. पोटाच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिली मावेल एवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. बाकीचं पोट आत तसंच राहतं, फक्त अन्न त्यात जात नाही. त्याच दिवशी संध्याकाळी सिस्टरने उभं करून चालवलं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. आणि घरी जाण्याआधीच शुगरच्या गोळ्या निम्म्यावर आल्या. वजन अजून जागचं हललंही नव्हतं, तरी.

नंतर खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने पाणी. मग वरणाचं पाणी, मुगाचं कढण, मग मिक्सरमधून काढलेलं सगळं. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळायला लागले. ते परत येतात, पण त्या काळात कुणी सांगून पटत नाही. दंडाची कातडी लोंबते, ती तशीच आहे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आता बंद, अल्सर होतो म्हणून. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर.

गंमत धंद्यात झाली. तीस मिली म्हणजे दोन मोठे चमचे. रोज दहा पदार्थांची चव बघायची तर त्यातच माझं जेवण उरकणार. म्हणून चाखायचं काम मावशींकडे गेलं आणि मावशींचा हात मिठाला जड. आठवडाभर उसळी खारट गेल्या, दोन डबे बंद झाले. आता मी चमच्याचं टोक जिभेला लावते. मीठ-तिखट तेवढ्यावर कळतं, गूळ मात्र कळत नाही. आणि पोळी? दिवसाला चारशे पोळ्या विकते, पण घाईत खाल्लेला तुकडा छातीत अडकतो, तोंडाला फेस येतो, सगळं सोडून बेसिन गाठावं लागतं. अर्धी पोळी, आमटीत न कुस्करता, वीस मिनिटं चावून. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही.

हे सगळं जमलं. न जमलेली गोष्ट म्हणजे आपला आग्रह. केळवण, डोहाळजेवण, सत्यनारायण, कुठेही जा, पानाशी कुणीतरी वाकून उभं असतं. "एवढंच जेवता? आमच्याकडचं आवडलं नाही वाटतं." त्यात जिलबी वाढणाऱ्या बाईला डंपिंग कसं समजवायचं? गोड चमचाभरापलीकडे गेलं की ते थेट आतड्यात उतरतं, काही मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, आणि मग यजमानांच्या बाथरूमची वाट. पंगतीत हे बोलता येत नाही. "उपास आहे" म्हटलं तर साबुदाण्याची खिचडी येते. जाऊबाईंनी सुचवलेला उपाय सध्या चालतो. मी आधीच पदर खोचून वाढायला उभी राहते. वाढणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. आणि पूर्वी दोन पंगती वाढल्या की गुडघे बोंबलायचे, आता चार होतात.

वजनाचा खालचा आकडा ७४ गाठला होता, आता ७९ आहे. दोन-तीन वर्षांनी थोडं परत चढतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. "आता ती वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत, उगाच कापून घेतलंत," असंही ऐकवतात. ती भारतात आली २०२५ मध्ये. बायपासनंतर भूक आवरणारं जीएलपी-१ हे हार्मोन आपोआप वाढतं, इंजेक्शनं त्याचीच नक्कल करतात. कुणाला काय लागू पडेल ते डॉक्टरांनी ठरवावं, काउंटरवरच्या काकांनी नाही.

पुढच्या आठवड्यात वार्षिक रक्ततपासणी आहे आणि त्याच रविवारी भाचीचं केळवण आमच्याकडे. पुरणपोळ्या मीच करणार. पुरण जाऊबाई चाखतील.