मोटर चढासाठी, वेगासाठी नाही: व्हेलोमोबाइलमधून मास्ट्रिख्त ते फाल्स

नेदरलँड्समध्ये घाट म्हटलं की इथली मराठी मंडळी हसतात. फाल्स गावाजवळच्या फाल्सरबर्ग टेकडीचा माथा 322 मीटर. पुण्यातला लक्ष्मी रस्तासुद्धा त्याहून उंचावर आहे! पण व्हेलोमोबाइलमध्ये, म्हणजे 40 किलोच्या बंद कवचाच्या तीनचाकी सायकलीत, आडवं पडून पायडल मारायला लागलं की हसू पळतं. गेल्या वर्षी फाल्केनबर्ग गावातला काउबर्ग हा चढ चढताना (कुठे कुठे 12 टक्के) काटा ताशी 4 किलोमीटरवर होता. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा शेजारून गप्पा मारत चालले होते. तीन चाकं, म्हणून पडलो नाही इतकंच.

यंदा क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या आसावर, बसणारी 250 वॅटची मोटर लावली. पुढची चाकं एकाच बाजूने धरलेली, त्यात साधी हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी) बसत नाही. मागच्या चाकात बसवता येते, पण चढावर चाक सावकाश फिरतं आणि मोटर तापते. बंद कवचात वाराही नाही. क्रँकच्या मोटरला गिअरचा आधार मिळतो. तोच काउबर्ग यंदा ताशी 9 ने चढलो.

सपाटीवर मात्र ती नुसतं ओझं. कायद्याने ताशी 25 किलोमीटरला मोटरची मदत थांबते आणि ही गाडी माझ्या पायांवरच 35 ने पळते. त्यामुळे 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची छोटी बॅटरी पुरली. संध्याकाळी निम्मी शिल्लक होती.

फजिती झाली ती फाल्सच्या अलीकडे. कट्-कट् आवाज, मग पायडल मोकळं. मी नट नीट आवळला नव्हता, त्यामुळे जोर येताच मोटरच क्रँकच्या आसाभोवती फिरली आणि चेन उतरली. कोपरापर्यंत हात आत घालून, ग्रीसने माखून ती चढवली. मोटर फिरू नये म्हणून अडसर लावाच, आणि पहिल्या 20 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

मोटर विकत घेण्याआधी बूट घालून आत बसा, क्रँक फिरवा. तिचा फुगवटा बुटाला किंवा कवचाला घासतो का ते बघा. बॅटरी सीटमागे, मधोमध, पट्ट्याने घट्ट. गिअर चढाच्या आधीच उतरवा आणि बदलताना पाय सैल सोडा, नाहीतर मोटरचा सगळा जोर चेनवर येतो.

फाल्सरबर्गवर तीन देशांच्या सीमा मिळतात, फोटोसाठी गर्दी असते. उतरताना मोटरचा उपयोग शून्य, ड्रम ब्रेक तापतात. मी मध्ये दोनदा थांबलो, तरी खाली पोचेपर्यंत लिव्हर मऊ लागत होता.