मोडायचा हुकूम निघाला, तरी वाचला

"म्हणजे ज्यांनी बाकीचे मोडले, त्यांनीच हा स्वतःकडे नेला?"

इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरी ॲबी या जुन्या चर्चमध्ये तिथल्या ऑर्गनची, म्हणजे पाइपांच्या मोठ्या वाद्याची, गोष्ट ऐकताना आईने विचारलं. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

हा मिल्टन ऑर्गन. १६३१ मध्ये ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजसाठी बांधलेला. १६४४ मध्ये पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला. कितीतरी फोडले गेले. आणि त्याच बाजूच्या, राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलने हा मात्र हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात नेला, कारण त्याला संगीत आवडायचं! तिथे कवी मिल्टनने तो वाजवला असं सांगतात. १६६० नंतर, राजा परतल्यावर, ऑर्गनही कॉलेजात परतला. ट्यूक्सबरीला आला १७३७ मध्ये.

समोरच्या काही पाइपांवर उठावाची नक्षी आहे. सुरांसाठी तिची काही गरज नाही, तरी कुणीतरी जीव ओतून ती घडवली. आई किती तरी वेळ तीच बघत होती.

एका सत्ताधाऱ्याच्या आवडीमुळे हा वाचला, याचा आनंद होतो आणि रागही येतो. बाकीच्यांवर जीव लावणारे लोक नव्हते का? होते. त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

तुमच्या गावातलं असं कुठलं जुनं वाद्य आज कुणाच्या भरवशावर आहे?