तुम्ही विचारलंत म्हणून : अमेरिकन माणूस फुटबॉलला आपलं कधी म्हणणार?

सुट्टीत कोल्हापूरला गेलो की शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर हा प्रश्न ठरलेला. "तुझ्या अमेरिकेत एवढा पैसा, एवढी मैदानं, मग फुटबॉल का चालत नाही रे? काय केलं म्हणजे चालेल?" इकडे कोलंबसला, ओहायोत, ऑफिसमधले लोक जेवताना वेगळंच विचारतात : "तू भारतातला, म्हणजे क्रिकेटवाला. तुला सॉकरचं एवढं वेड कुठून?" (फुटबॉलला इथं सॉकर म्हणतात.) माझ्या लेखी दोन्हींचं उत्तर एकच आहे. एकदा नीट लिहूनच टाकतो.

अमेरिकेत फुटबॉल बघतच नाहीत, हे खरं नाही. १९९४चा विश्वचषक इथं झाला. ५२ सामने, आणि मैदानात जाऊन बघणारे पस्तीस लाखांहून जास्त. १९९९ला बायकांच्या विश्वचषकाच्या फायनलला रोझ बोल स्टेडियममध्ये नव्वद हजार माणसं होती. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन इंग्लंडच्या मॅच लावून बसणारे माझ्या गल्लीत आहेत. मेक्सिकोची लीग तर कित्येक वर्षं इथल्या टीव्हीवर सगळ्यात जास्त बघितली जाते. गाडी अडते ती इथल्या स्वतःच्या लीगपाशी, मेजर लीग सॉकरपाशी. खेळ आवडतो, पण गावची टीम आपली वाटत नाही.

लीग १९९६ला दहा टीम घेऊन सुरू झाली तेव्हा चालकांनी ठरवलं की अमेरिकन माणसाला बरोबरी पचत नाही. मग मॅच बरोबरीत सुटली की गोलपासून ३५ यार्डांवर बॉल ठेवायचा, पाच सेकंदांत खेळाडूनं एकट्यानं पळत जाऊन गोलकीपरला चकवायचं. घड्याळही उलटं, पंचेचाळीसवरून शून्याकडे. ज्यांना फुटबॉल कळत होता त्यांना हे परकं वाटलं, आणि ज्यांना कळत नव्हता ते एवढ्यानं काही आले नाहीत. १९९९च्या हंगामानंतर दोन्ही गोष्टी गेल्या. २००२च्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या दोन टीम बंद पडल्या आणि सगळी लीग तीन मालकांच्या खांद्यावर उरली.

मोठी नावं आणली की गर्दी होते, हेही इथं करून झालंय. मेजर लीगच्या आधी इथं दुसरी एक लीग होती, तिच्यातल्या न्यूयॉर्क कॉसमॉस टीममध्ये १९७५ला पेले आले. १९७७च्या एका मॅचला ७७,६९१ लोक आले होते. पण १९८४च्या हंगामानंतर ती लीगच राहिली नाही. पेलेंना बघायला आलेली माणसं पेलेंबरोबर गेली. २००७ला बेकहॅम आले, २०२३ला मेस्सी. मेस्सीला खेळताना बघणं ही भाग्याचीच गोष्ट, त्याबद्दल दुमत नाही. पण २०२५च्या एप्रिलमध्ये आमच्या गावच्या टीमची, कोलंबस क्रूची, मेस्सीच्या मायामीबरोबरची घरची मॅच दोन तासांवरच्या क्लीव्हलँडला, अमेरिकन फुटबॉलच्या (म्हणजे हातात बॉल घेऊन खेळायच्या त्यांच्या वेगळ्या खेळाच्या) स्टेडियमवर नेली. साठ हजारांवर लोक आले आणि मॅच आम्ही १-०नं हरलो. घरची मॅच घरी झाली असती, वीस हजारांत झाली असती, तर मला जास्त आवडलं असतं. पाहुण्यांसाठी मांडव मोठा घालायचा म्हणून घरातलं लग्न दुसऱ्या गावी नेतं का कुणी?

आता ऑफिसवाल्यांचं उत्तर. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी वाढवला. जिथं पैलवान शड्डू ठोकतात त्याच तालमींच्या नावानं टीम आहेत : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. आमच्या पेठेचं शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुपारपासून दुकानांची शटरं अर्धी खाली यायची. वडील मला खांद्यावर घेऊन जायचे. ऑफसाइड म्हणजे काय हे मला बरंच उशिरा कळलं, पण आपली टीम कुठली हे बोलायला लागल्यापासून ठाऊक होतं. खेळणारी पोरं शेजारच्या गल्लीतली. काल ज्यानं गोल केला तो आज सायकलवरून दूध घालताना दिसायचा. जाहिरातीची गरज कुणाला होती?

अमेरिकेत असं होतच नाही, असं मला वाटायचं. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये ते मत बदललं. क्रूच्या तेव्हाच्या मालकांना टीम टेक्सासला, ऑस्टिनला न्यायची होती, ती बातमी फुटली. आठवड्याभरातच सिटी हॉलसमोर माणसं जमली. मुलगी तेव्हा लहान होती, तिला खांद्यावर घेऊन मीही गेलो. आमच्या पुढं एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. अंगात जुना पिवळा जर्सी, धुऊन धुऊन साईच्या रंगाचा झालेला. कॉलरपाशी उसवलेला भाग काळ्या दोऱ्यानं हातानं शिवलेला, टाके सुद्धा वाकडे. मी विचारलं, नवीन का नाही घेत? म्हणाले, पहिल्या वर्षीचा आहे, बायकोनं शिवलाय. एवढंच बोलले आणि पुन्हा घोषणा द्यायला लागले. तिथं मला आमच्या पेठेतली माणसं आठवली.

पुढचं सव्वा वर्ष ही माणसं थांबली नाहीत. दुकानदारांना भेटली, दारोदार पाट्या लावल्या, टीम राहिली तर हंगामाचं तिकीट काढू अशी वचनं हजारोंनी गोळा केली. क्लीव्हलँडची अमेरिकन फुटबॉलची टीम बाल्टिमोरला गेल्यावर ओहायोनं १९९६ला एक कायदा केला होता : करदात्यांच्या पैशाचा आधार घेतलेल्या टीमला हलायचं असेल तर सहा महिन्यांची नोटीस द्यायची आणि स्थानिकांना ती विकत घ्यायची संधी द्यायची. त्याचा आधार घेऊन राज्य आणि शहर कोर्टात गेले. शेवटी नवे मालक मिळाले, टीम राहिली. २०२०ला अजिंक्यपद, २०२१ला गावाच्या मध्याजवळ नवं स्टेडियम, २०२३ला पुन्हा अजिंक्यपद. आता उत्तरेकडच्या स्टँडात नव्वद मिनिटं कुणी बसत नाही. जी टीम जवळजवळ गेलीच होती, ती ज्यांनी हातानं धरून ठेवली त्यांना ती आपली वाटणारच. गर्दी वाढवायला लीगनं केलेल्या कुठल्याही प्रयोगाला हे साधलं नव्हतं.

म्हणून कट्ट्यावरच्यांना माझं उत्तर : खेळ बदलू नका, टीम गावातून हलवू नका, आणि पोरांना फुकट खेळू द्या. तिसरं सगळ्यात अवघड. मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर एका क्लबात घातली. फी, कपडे, बाहेरगावच्या स्पर्धांची हॉटेलं धरून वर्षाला अडीच हजार डॉलरच्या आसपास गेले. आमच्या मागच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये होंडुरासहून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा भिंतीवर बॉल मारत असतो. डाव्या पायानं बॉल असा अलगद थांबवतो की मी कचरा टाकायला गेलो की तिथंच उभा राहतो. तो कुठल्याच क्लबात नाही. मेजर लीगमधल्या क्लबांच्या अकादमी बहुतेक मोफत आहेत, पण तिथल्या निवडकर्त्यांच्या नजरेला पडायचं तर आधी या फीच्याच दारातून आत जावं लागतं. त्या मुलाचे आईवडील, मामा, चुलत भावंडं ही पंधरा-वीस माणसं क्रूच्या स्टँडात कशी येणार?

टीव्हीचंही तेच. २०२३पासून लीगच्या बहुतेक मॅच ॲपलच्या वेगळ्या पैसे भरायच्या पासमागे गेल्या. जे आधीच वेडे होते त्यांनी पैसे भरले. चॅनल बदलता बदलता चुकून मॅच लागावी आणि माणूस अडकावा, ही वाट मात्र बुजली. तो वेगळा पास २०२६च्या हंगामापासून काढून टाकला, ते चांगलं केलं.

मागच्या शनिवारी त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना बरोबर घेऊन गेलो. दोन तिकिटं माझ्याकडे जास्तीची होती. पहिला अर्धा तास मुलगा गप्प होता. मग आमच्या लेफ्ट बॅकनं कडेनं पळत जाऊन क्रॉस मारला, तो वाया गेला, आणि हा पठ्ठ्या खुर्चीवर चढून स्पॅनिशमध्ये त्याला ओरडून सांगायला लागला की पाय कुठं ठेवायचा.