ओहोटीला पोचलेली मावशी

गिरगावात वाढलेल्या बाईनं भरती-ओहोटीची वेळ न बघता समुद्रावर जावं, याला माफी नाही. मी गेले. तेही बॉस्टनहून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत, फेरीबोटीनं दीड तास. तिकीट केवढ्याचं ते भाच्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही, त्यावरून काय ते ओळखलं.

बॉस्टनचे आधीचे चार दिवस म्हणजे हार्वर्ड आणि भाच्याचा डिशवॉशर. सोडून देते.

प्रॉव्हिन्सटाउन हे केप कॉड या समुद्रात घुसलेल्या भूशिराच्या अगदी टोकाचं गाव. एकेकाळी पोर्तुगीज कोळ्यांचं, आता पर्यटकांचं. कमर्शियल स्ट्रीट हा मुख्य रस्ता आपल्या गल्लीएवढा अरुंद, त्यात सायकली, कुत्री, आइस्क्रीम आणि मी. गाऊन आणि उंच टाचा घातलेले पुरुष कलाकार आपल्याच रात्रीच्या शोची पत्रकं वाटत होते. नटानं भर उन्हात उभं राहून स्वतःचं तिकीट स्वतः खपवावं, हे मला फार आवडलं. गर्दी मात्र अजिबात आवडली नाही. अर्ध्या तासात तीन कुत्र्यांचे पट्टे पायात आले.

पूर्वेला मैलभर चालल्यावर गर्दी आटली आणि 571 नंबर आला. बाजूच्या बोळातून आम्ही वाळूत उतरलो.

"मावशी, नक्की काय बघायचंय?"

"धक्का."

"कुठाय?"

"नाहीये. शंभर वर्षांपूर्वीच कोसळला."

भाच्यानं काही न बोलता सनस्क्रीन लावायला घेतलं. गुणी मुलगा आहे.

इथे लुईस व्हार्फ नावाचा धक्का होता, आणि त्याच्यावर मासळीची जुनी वखार. धक्का मेरी हीटन व्होर्स या लेखिकेच्या मालकीचा. 1915च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कची काही लिहिणारी-चितारणारी मंडळी इथे सुट्टीला आली होती. जॉर्ज क्रॅम कुक, ज्याला सगळे 'जिग' म्हणत, आणि त्याची बायको सुझन ग्लास्पेल यांनी एक एकांकिका लिहिली होती. न्यूयॉर्कच्या एका हौशी मंडळीनं ती नाकारली, तेव्हा यांनी मित्राच्या दिवाणखान्यातच प्रयोग केला. त्या रात्री दोन एकांकिका होत्या. पहिली, दुसऱ्या कुणाची, व्हरांड्यात झाली. दुसरी, म्हणजे यांची, दिवाणखान्यात; तिच्या वेळी प्रेक्षकांनी नुसत्या खुर्च्या फिरवल्या. मग वखारीतली होडकी-जाळी बाहेर काढून, फळ्या ठोकून जेमतेम दहा-बारा फुटांचा रंगमंच उभा राहिला. पहिल्या वर्षी वीज नव्हती. चौघं विंगेत हातात दिवे धरून उभे, आणि त्यांच्या शेजारी आणखी चौघं वाळू आणि फावडी घेऊन, आग लागली तर म्हणून! एकांकिका स्पर्धेत मी विंगेत उभी राहून टॉर्च मारलेला आहे, पण वाळू कुणी दिली नव्हती.

तेव्हाच्या ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, नाटक म्हणजे धंदा: मोठा नट, एक भूमिका, गावोगाव दौरे. जेम्स ओ'नील या नटानं 'माँटे क्रिस्टो' हजारो वेळा केलं आणि त्यातच अडकला. 1916च्या उन्हाळ्यात त्याचा मुलगा यूजीन, पुढे अमेरिकेचा मोठा नाटककार झालेला, या गावात उगवला. खलाशी म्हणून बोटींवर काम करून आलेला, सत्तावीस वर्षांचा, लाजरा. त्याची 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ' ही एकांकिका दुसऱ्यानं वाचून दाखवली, हा बाजूच्या खोलीत बसून राहिला. 28 जुलैला वखारीत प्रयोग झाला. बोटीच्या पोटात एक खलाशी मरतोय, बाहेर धुकं, भोंगा वाजतोय. मरणारा झाला होता जिग. आणि त्या रात्री खरंच धुकं होतं, बंदरात घंटा वाजत होती, भरती होती. फळ्यांच्या फटींतून पाणी उडत होतं.

त्या पाण्यासाठी मी आले होते. आणि समोर काय, तर चिखल. इथे भरती-ओहोटीत नऊ-दहा फुटांचा फरक पडतो, समुद्र पार लांब गेलेला. कुशीवर पडलेल्या दोन होड्या, शेवाळ, कुजकट वास. चिडून मी वाळूतच बसले. "पाणी येईपर्यंत हलणार नाही."

बसल्यावर ओ'नीलचा विचार संपला आणि ग्लास्पेल आठवली. गावात येताना सगळे ओ'नील-ओ'नील करत होते, मीसुद्धा. जिगनं तिला न विचारता तिच्या नव्या नाटकाची घोषणा करून टाकली. नाटक लिहिलेलंच नव्हतं. (नवऱ्यांची ही सवय फार जुनी दिसते.) ती या वखारीत येऊन रिकाम्या रंगमंचाकडे बघत बसली, आणि तिला तिथे एक स्वयंपाकघर दिसायला लागलं. आयोवात वार्ताहर असताना तिनं एका खुनाच्या बातम्या दिल्या होत्या, नवऱ्याच्या खुनाचा आरोप बायकोवर. ते घर तिनं पाहिलं होतं. त्यातून 'ट्रायफल्स' झालं, 8 ऑगस्टला इथेच. पुरुष पुरावा शोधायला माडीवर आणि गोठ्यात. खाली दोन बायका न घासलेली भांडी, गोधडीचा वेडावाकडा शिवलेला तुकडा बघतात. मान पिरगळलेला पक्षी त्यांना सापडतो आणि त्या तो लपवतात. आरोपी बाई अख्ख्या नाटकात रंगमंचावर येतच नाही. मला हे ओ'नीलच्या खलाशापेक्षा शंभर पटींनी जास्त आवडतं, आणि याबद्दल मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

दोन तासांनी भाचा पोर्तुगीज बेकरीतले तळलेले गोड पाव घेऊन आला. "मावशी, चारची फेरी." पाणी अजून वीसेक पावलं लांब होतं. साडेतीनला ते आलं. थंडगार! घोट्यापर्यंत आत उभी राहिले आणि डोळे मिटून पायाखाली फळ्या आहेत असं धरून चालले. मग दोघं धावलो. मैलभर, ओल्या चपलांनी, कुत्री चुकवत.

फेरीत एसी एवढा की दात वाजायला लागले. भाच्यानं आपले मोजे काढून दिले.