वावरातला गोळा : आमची वाटचाल

अकोटजवळच्या आमच्या वर्कशॉपात बाबा वखर-डवरे दुरुस्त करायचे. वेल्डिंग मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. मेटल डिटेक्टर बारा वर्षांपूर्वी घेतला, तो सवंगणीत पडलेलं मंगळसूत्र नाहीतर मातीत गडप झालेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह शोधून द्यायला. आजही निम्मी कमाई त्याच कामाची आहे. जुन्या लोखंडी वस्तू जपायला कसं शिकलो, त्याची ही गोष्ट.

आपली काळी माती बेसाल्टची. तिच्यातल्या चुंबकीय कणांमुळे मशीन उगाच किरकिरतं, म्हणून वावर बदललं की आधी ते तिथल्या मातीशी जुळवून घ्यावं लागतं. उन्हाळ्यात भेगा पडल्या की वस्तू आणखी खाली उतरते.

असंच एका पावसाळ्याआधी अडगावकडचे एक दादा गमछात बांधून लोखंडी गोळा घेऊन आले. विहिरीच्या कामात निघाला होता. "भाऊ, पाहा बरं, हे तोफेचं होय का?" 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावच्या रानात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजेला हरवलं, पुढं 15 डिसेंबरला गाविलगडही पडला. गोळा त्याच लढाईचा, असं मी म्हणणार नाही. पण भरीव होता आणि हातात घेतल्यावर अंगावर काटा आला.

मी तो ग्राइंडरच्या वायर ब्रशखाली धरला. अर्ध्या तासात चकचकीत! आषाढात त्यावर नारिंगी घामाचे थेंब दिसू लागले, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटले. दादा काहीच बोलले नाहीत. ते तुकडे मी अजून जपून ठेवलेत.

नंतर नागपूरच्या एका निवृत्त जाणकारांकडं जाऊन शिकलो. लोखंडाच्या आत मातीतलं मीठ शिरलेलं असतं आणि दमट हवा लागली की तेच त्याला आतून खातं. शिवाय वस्तूचा मूळ पृष्ठभाग बहुतेक वेळा गंजाच्या थरातच असतो. गंज खरवडला की तोही गेला. आता असा गोळा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून अगदी कमी करंट देतो, म्हणजे आतलं मीठ बाहेर पडतं. करंटच्या दुसऱ्या टोकाला साधं लोखंड, स्टेनलेस स्टील कधीच नाही, त्यातून विषारी क्रोमियम उतरतं. मग डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा पुन्हा धुणं. धुतलेल्या पाण्यात नायट्रिक अ‍ॅसिडचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं आणि पाणी दुधाळ झालं, तर मीठ बाकी आहे. यात महिने जातात. शेवटी टॅनिक अ‍ॅसिड आणि मेण. शिशाच्या गोळीवरचा पांढरा थर मात्र आम्ही काढत नाही, तोच तिचं रक्षण करतो.

गोळा पोकळ असेल, त्याला भोक असेल, तर हात न लावता पोलिसांना कळवायला सांगतो. आत स्फोटक दारू असू शकते.

नरनाळा, गाविलगडावर मशीन घेऊन चला म्हणणारी पोरंही येतात. त्यांना मी सरळ नाही म्हणतो. ती संरक्षित स्मारकं आहेत, तिथं खणणं गुन्हा आहे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची खबर 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. वस्तू कुठं, किती खोल निघाली, हे लिहून ठेवलं नाही तर तिचा अर्धा इतिहास तिथंच संपतो, याची मला खरी कळकळ आहे.

गेल्या दिवाळीत तेच दादा पुन्हा आले, घराण्यातली तलवार घेऊन. मुठीवर चांदीची बारीक वेल आहे, पातं लाखेनं बसवलेलं. ही पाण्यात बुडवायची नाही, करंटही नाही. रोज संध्याकाळी बांबूची काडी घेऊन साफ करत बसतो, वेलीच्या एका पानापुरतं.