बंद चूल, उघडं धुराडं

रविवार, रात्र

घुबड गेलं. सात वाजायच्या आत, मागच्या खिडकीतून, खाजनाच्या म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या दिशेने. मला फार बरं वाटतंय. झोपायच्या आधी सगळं लिहून काढते.

काल रात्री पेजेचं भांडं गॅसवर होतं, तेव्हा जुन्या चुलीच्या बाजूने फुत्कार ऐकू आला. लांबलचक, थांबून थांबून. गोव्यात हळदोण्यातलं हे घर शेतांना लागून आहे आणि भात नुकतंच कापून झालंय. मनात पहिला साप आला. घरमालकीण म्हापशाला राहतात, मी त्यांना आंटी म्हणते. फोनवर त्याही म्हणाल्या, "सोरोप आसतलो गो बाय, लागीं वचूं नाका." मधलं दार लावून घेतलं आणि फटीत जुनं लुगडं कोंबून पुढच्या खोलीत झोपले.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेल्यावर पुन्हा कान देऊन ऐकलं. फुत्काराबरोबर दुसराही आवाज होता. भिंतीच्या आत काहीतरी फडफडत वर जायचं आणि खरवडत खाली यायचं. साप असा नाही घसरत. चुलीवरच्या धुराड्याच्या तोंडाला पत्रा मारलेला आहे, त्याची एक कड उचकटलेली. त्या फटीतून मोबाइल सरकवून थोडासा व्हिडिओ काढला. पाहते तर बदामाच्या आकाराचा चेहरा, एरवी पांढराशुभ्र असणारा, काजळीने राखाडी झालेला. त्यात दोन काळेभोर डोळे. मान खाली घालून ते डावीकडे उजवीकडे डोलत होतं. गव्हाणी घुबड. घाबरलं की ते असंच डोलतं आणि असंच फुत्कारतं. सावंतवाडीला आमच्या आजोळच्या माळ्यावर गव्हाणीची पिल्लं असायची, त्यांचाही आवाज ऐकून पाहुणे साप साप म्हणून ओरडायचे.

ते आत कसं अडकलं हे पत्र्याकडे बघूनच कळलं. या घरात चूल पेटत होती तोवर धुराड्यातून रोज धूर आणि धग वर जायची, कुठलाही पक्षी तिथे टिकला नसता. मग गॅस आला. घरात काजळी आणि पावसाचं पाणी नको म्हणून खालचं तोंड पत्र्याने बंद केलं, वरचं मात्र तसंच राहिलं. एका बाजूने उघडं, आत काळोख, गारवा. झाडाची ढोल किंवा पडक्या घराची पोकळी शोधणाऱ्या पक्ष्याला याहून चांगली जागा कुठली? आत उतरणं सोपं. वर येणं अशक्य. आतली रुंदी दीड फूटसुद्धा नाही आणि गव्हाणी घुबडाचे पंख पसरले की जवळपास तीन फूट होतात. पंख उघडल्याशिवाय सरळ वर उडता येत नाही, आणि काजळी धरलेल्या भिंतीवर नख्याही रुतत नाहीत. असा पक्षी भुकेने आणि थकव्याने मरतो, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. वास सुटला तर सुटला.

आंटींना व्हिडिओ पाठवला. भाड्याचं घर, भिंतीतला खिळासुद्धा विचारून ठोकायचा, मग पत्रा काढायचा तर विचारायलाच हवं. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पत्रो काड, पूण मागीर बरो करून बसय." मला तेवढंच हवं होतं.

वनखात्यात फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, दिवसा काढू नका, उजेडात बाहेर गेलं की कावळे मागे लागतील. हात घालू नका. चोचीत पाणी ओतू नका. धूर तर अजिबात करू नका. तिन्हीसांजेला पत्रा काढा, घरातले दिवे बंद ठेवा, एकच खिडकी पूर्ण उघडा आणि तुम्ही तिथून निघून जा. रात्रीपर्यंत आतच राहिलं तर माणूस पाठवतो म्हणाला. फोन ठेवल्यावर विचार केला की एवढंच तर लागतं. पकडायचं नाही, वाट करून द्यायची.

दुपारी शेजारच्या काकी आल्या. घुबड घरात शिरलं म्हणजे काहीतरी वाईट होणार, मुलांना बोलावते, काठीने हुसकतील, म्हणाल्या. त्यांना बसवून घेतलं. म्हटलं, काकी, आत्ताच लक्ष्मीपूजन केलंत ना, तिचं वाहन आलंय असं समजा. आणि तुमच्या भाताच्या कोठीतले उंदीर कोण खातं ते सांगा. त्या पुरत्या पटल्या नसाव्यात, पण मुलांना बोलावलं नाही, आणि जाताना कुणाला बोलणार नाही म्हणाल्या. मला तेच जास्त महत्त्वाचं होतं. दिवाळीच्या दिवसांत जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकणारे लोक आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, तरी हे चालतं, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून व्हिडिओसुद्धा आंटींखेरीज कुणाला पाठवला नाही.

साडेसहाच्या सुमाराला पंखा बंद केला, आरशावर चादर टाकली आणि पत्र्याचे गंजलेले स्क्रू पक्कडीने पिळून काढले. पत्रा खाली घेतला तशी ओंजळभर काजळी पायावर आली. आतून एकदा टक् असा आवाज झाला. मी मागे सरून दाराच्या फटीला डोळा लावला. बराच वेळ काहीच नाही. मग चुलीच्या ओट्यावर ते हळूच उतरलं. लांब पाय, पिसं फिस्कारलेली. खिडकीकडे पाहिलं, मान वर खाली केली, आणि एका झेपेत बाहेर. पंखांचा जराही आवाज नाही. खिडकीच्या चौकटीवर काजळीचा एक फराटा तेवढा उठला आहे.

नंतर टॉर्च मारून धुराडं वरपर्यंत पाहिलं. घरटं नाही, अंडी नाहीत, एखादं पिल्लू अडकलेलं नाही. हे पाहिल्याशिवाय तोंड बंद करायचं नाही, हे मी आंटींनाही बजावलं. तळाशी अंगठ्याएवढा एक काळा गोळा सापडला, घुबडाने ओकून टाकलेला. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस, हाडं अशी गोळा करून बाहेर टाकतं. काडीने उकलला तर करड्या केसांत गुंडाळलेला उंदराचा जबडा, त्याला नारिंगी रंगाचे पुढचे दात. इतका नीटनेटका, जसा कुणी पुरचुंडीत बांधून ठेवलेला.

आंटींशी पुन्हा बोलणं झालं. वरच्या तोंडाला अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवायची, पाऊस आत येऊ नये म्हणून वर छोटं छप्पर, पैसे त्या देणार. कौलं शाकारणाऱ्या माणसाला सांगून ठेवलंय, तो गुरुवारी शिडी घेऊन येतो म्हणाला. जाळी लागेपर्यंत खालचा पत्रा मी लावणार नाही, म्हणजे पुन्हा कोणी उतरलंच तर त्याला वाट राहील.

वाड्यावर आणखी दोन घरांची धुराडी अशीच आहेत. एक काकींचंच. उद्या सकाळी त्यांच्याकडे जाऊन विचारते, त्याच माणसाकडून तुमचीही जाळी लावून घ्यायची का.