ईजीआरला पत्रा मारायच्या आधी

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक पिलर ड्रिल, एक बेंच ग्राइंडर. बुश, पिन, शाफ्ट असली कामं. पण कॉमन रेलच्या डिझेल गाड्या जुन्या व्हायला लागल्या तसं एक नवीनच गिऱ्हाईक सुरू झालंय. कागदात गुंडाळलेलं काळंकुट्ट गॅस्केट टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, "मिस्त्री, ह्याच मापाचा पत्रा कापून द्या. बोल्टची भोकं तेवढी पाडा, मधलं नको."

म्हणजे ईजीआर बंद करायचाय. ईजीआर म्हणजे इंजिनातून बाहेर चाललेला थोडा धूर परत आत सोडणारा व्हॉल्व्ह; मधे भोक नसलेला पत्रा बसवला की तो रस्ता बंद.

काम म्हणून बघाल तर किरकोळ. एसएस 304 चा (स्टेनलेस स्टीलचा) 2 एमएम पत्रा, गॅस्केटवरून मार्किंग, दोन भोकं, कडा घासल्या की झालं. काही बहाद्दर कोल्ड्रिंकचा डबा कात्रीनं कापून बसवतात. अहो, ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं! भरलेली गाडी घाट चढते तेव्हा इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापतो माहीत आहे का? त्या पातळ पत्र्याचे तुकडे पडून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत, गेले तर काय होईल, ते मला सांगायलाही नको वाटतं.

लोकांचा मुद्दा मला समजतो. एक चालक मला म्हणाला, "इंजिनाला त्याचंच उष्टं परत कशाला खायला घालायचं?" बोलणं झकास आहे, पण ते उष्टं मुद्दाम घातलेलं असतं. जळून बाहेर चाललेल्या धुरात ऑक्सिजन कमी असतो. त्याचा थोडा भाग ताज्या हवेत मिसळला की ज्वलनाचं सगळ्यात वरचं तापमान उतरतं. हवेत 78 टक्के नायट्रोजन. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण सिलिंडरमध्ये फार गरम झालं की ऑक्सिजनला चिकटतो आणि नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स हा घातक वायू तयार होतो. तो होऊ नये म्हणून हा व्हॉल्व्ह.

आता दुसरी बाजू. धुरातली काजळी आणि ब्रीदर पाइपमधून येणारी ऑइलची वाफ एकत्र आली की इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो. त्यात व्हॉल्व्हचा दांडा अडकतो. अर्धवट उघडा राहिला की ताजी हवा कमी पडते, काळा धूर येतो, पिकअप मरतो. पत्रा मारला की गाडी एकदम पळायला लागते आणि गॅरेजवाला हिरो होतो. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की चांगला ईजीआर तसाही बंदच असतो. पत्र्यानं जादा ताकद आली नाही, अडकलेल्या व्हॉल्व्हनं खाल्लेली ताकद परत मिळाली. व्हॉल्व्ह साफ केला असता तरी तीच मिळाली असती.

शिवाय गाडीचा कॉम्प्युटर इतका भोळा नाही. ईजीआर उघडला की एअर फ्लो सेन्सरवरून जाणारी ताजी हवा कमी व्हायला पाहिजे, हे त्याला माहीत असतं. ती झाली नाही की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी0401, म्हणजे ईजीआरमधून धूर कमी येतोय असा कोड दिसतो. मग तेच गिऱ्हाईक परत येतं, "मिस्त्री, मधे 6 एमएमचं भोक पाडा, थोडा धूर जाऊ दे." कधी कधी दिवा खरंच विझतो. बीएस6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीचं मात्र नावच नको. तिथं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि बाकीची सगळी साखळी ईजीआरशी जोडलेली असते.

सगळ्यात गंमत पीयूसीची. डिझेल गाडीचा पीयूसी म्हणजे न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा आणि धूर किती दाट ते मशीननं बघायचं. बीएस4 ला मर्यादा 50 एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप), त्याआधीच्या गाड्यांना 65. नॉक्स त्या मशीनला दिसतच नाही. पत्रा मारला की काजळी कमी होते, आकडा खाली येतो आणि मालक खूश होऊन म्हणतो, बघा, प्रदूषण कमी झालं! मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या रचनेत परस्पर बदल करायला मनाई करतं, पण केंद्रावर बॉनेट उघडून गॅस्केट कोण बघणार?

न दिसणाऱ्या नॉक्सवरूनच 2015 मध्ये फोक्सवॅगनचं जगभर नाक कापलं गेलं. टेस्टिंग चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर गाड्यांत होतं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं तपासणी केली, सुमारे 3.23 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि मार्च 2019 मध्ये हरित लवादानं 500 कोटींचा दंड ठोठावला. पुढं सुप्रीम कोर्टानं कारवाईला स्थगिती दिली, ती गोष्ट वेगळी. कंपनीनं सॉफ्टवेअरनं केलं तेच आपण पत्र्यानं करायचं, असा हा प्रकार. म्हणून मी आता रस्त्यावरच्या गाडीसाठी असला पत्रा कापत नाही. बाहेर बरेच जण कापून देतात, माझं नुकसान होतं ते होऊ दे.

मध्यंतरी मिरजेचा एक दूधगाडीवाला पत्र्यासाठी आला. म्हटलं, पत्रा राहू दे, आधी व्हॉल्व्ह दाखव. दांडा अर्ध्यावर चिकटला होता. साफ केला, पण एवढी काजळी येते कुठून ते बघणं गरजेचं होतं. एअर फिल्टर ठीक होता. पंप-नोझलवाल्याकडे पाठवला, तर एक इंजेक्टर गळत होता. पत्रा मारून गेला असता तर तो इंजेक्टर तसाच गळत राहिला असता आणि एक दिवस पिस्टन घेऊन बसला असता.

साफ करायचा तर इंजिन थंड झाल्यावर काढा. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. कार्ब क्लीनर काजळीच्या बाजूलाच मारा, मोटर आणि कनेक्टरवर नको. अख्खा व्हॉल्व्ह रॉकेलच्या डब्यात बुडवणारे मी पाहिलेत, त्यांना शेवटी नवीनच घ्यावा लागतो. सीटवर स्क्रू ड्रायव्हर घासू नका, जुना टूथब्रश चालतो. गॅस्केट नवीन घाला. आणि बऱ्याच गाड्यांत बसवल्यावर स्कॅनर लावून व्हॉल्व्हची बंद जागा कॉम्प्युटरला परत शिकवावी लागते, तेवढं गॅरेजवाल्याकडून करून घ्या.